बिघडवण्याचा परवाना

एकदा एक वृद्ध नक्षीकार विणकरांच्या गावात राहत होता. चादरीच्या काठावर कोणते फूल कोठे उमलावे, हे तो चौकडीच्या कागदावर एकेक घर रंगवून ठरवीत असे. त्या कागदाबरहुकूम पुठ्ठ्यांना भोके पाडली जात आणि ते पुठ्ठे मागावर चढत. सारे गाव त्याला मास्तर म्हणे. पुढे कागद गेले, पुठ्ठे गेले, कॉम्प्युटर आले. मास्तरांच्या वयाचे बाकीचे नक्षीकार घरी बसले. मास्तर मात्र पंचावन्नाव्या वर्षी नव्याने शिकायला बसले आणि सात वर्षांच्या खटपटीनंतर त्यांनी स्वतःचे एक सॉफ्टवेअर तयार केले. पडद्यावर नक्षी काढावी, रंग भरावेत आणि मागाला समजेल अशा रूपात ती मागाकडे पाठवावी, असे ते होते.

या सॉफ्टवेअरला मास्तरांनी तीन किमती लावल्या होत्या. कारखानदाराने दर वर्षी, प्रत्येक मागामागे ठरलेली रक्कम द्यायची. हौशी माणसाने एकदाच, एका चांगल्या चादरीच्या किमतीइतके द्यायचे. शिकणाऱ्याने काहीच द्यायचे नाही. त्याच्या परवान्यावर फक्त एक ओळ असे, ‘या प्रतीतून निघालेले काम विकू नये.’ हौशी लोकांत एक निवृत्त पोस्टमास्तर होते. ते वर्षभर काठ काढत, त्यांतला एकही कधी मागावर चढत नसे, आणि तरी दिवाळीला सगळ्या नातेवाइकांना ते काठ छापून वाटत. नातेवाईक ते काठ कपाटात जपून ठेवत, कारण पोस्टमास्तर पुढच्या भेटीत विचारत.

मास्तरांकडे एक शिष्य आला. तो याच गावचा, पण दूर परदेशी शिकून परतलेला. मोठ्या पगाराची नोकरी नाकारून गावाच्या उपयोगी पडायचे, असे ठरवून तो आला होता. आणि असे ठरवून आलेल्या माणसाला जेवढी घाई असते, तेवढी त्याला होती. मास्तरांनी परवान्यांचे काम त्याच्या हाती सोपवले. तीन किमती पाहून तो पहिल्याच दिवशी अस्वस्थ झाला.

“मास्तर, वस्तू एक आणि किमती तीन. हा कसला न्याय?”

“तुला काय वाटतं?”

“नियम सर्वांना सारखा हवा. माणसाचं तोंड बघून किंमत सांगायची, तर आपण आणि बाजारातला दलाल यांत फरक काय राहिला?”

“मी तोंड बघत नाही रे.”

“मग काय बघता?”

“चहा टाक आधी,” मास्तर म्हणाले.

शिष्याला हा टाळाटाळीचा प्रकार वाटला. पण चहा त्याने केला.

तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. कोणती प्रत कधी उघडते आणि मिटते, याची खूण त्याच्या पडद्यावर येई. विद्यार्थ्यांच्या प्रतींपैकी अकरा प्रती रोज सकाळी आठच्या ठोक्याला उघडत आणि संध्याकाळी आठला मिटत. दुपारी एकला अर्धा तास सगळ्या मिळून थांबत. कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीला अकराही बंद. विद्यार्थी इतके शिस्तीचे असते, तर जगात परीक्षांची गरजच उरली नसती. शिष्याने शोध घेतला, तेव्हा त्या अकराच्या अकरा प्रती एकाच छपराखाली निघाल्या. ते छप्पर गावातल्या सर्वांत मोठ्या कारखान्याचे होते. त्या कारखान्याच्या मालकाला लोक शेठ म्हणत.

“अकरा?” मास्तर म्हणाले. “वा!”

“वा काय, मास्तर? ही चोरी आहे. मी आजच वकिलाची नोटीस पाठवतो.”

“थांब जरा. मला डोळे दाखवायला लेकीकडे जायचंय. उद्या संध्याकाळी येतो, मग बघू.”

मास्तर एसटीत बसले. शिष्याला मात्र थांबवेना. त्याने नोटीस पाठवली नाही, पण त्याच दुपारी गावातल्या विद्यार्थ्यांच्या सगळ्या प्रती कुलूपबंद केल्या. ज्याला पुन्हा उघडून हवी असेल, त्याने कॉलेजचे ओळखपत्र दाखवावे. हे करताना त्याला आपण अन्यायाचा एक दरवाजा बंद करीत आहोत असे वाटत होते, आणि ती भावना फार सुखाची असते.

मंगळवारी सकाळी शेठचा कारकून आला. त्याने टेबलावर अकरा ओळखपत्रे मांडली, पत्ते मांडावेत तशी. सगळी खरी, शिक्क्याची, सहीची. शेठ गावातल्या कॉलेजच्या मंडळावर होता.

“बघून घ्या, साहेब,” कारकून म्हणाला. “फोटोंत थोडं वय जास्त दिसतं. पण शिक्षणाला वय नसतं म्हणतात.”

नियम शिष्याचाच होता. त्याने अकराही प्रती उघडून दिल्या.

कारकून गेला आणि थोड्याच वेळात राजव्वा आली. राजव्वा एका लहान कारखान्यात कांड्या भरीत असे. म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर दिवसभर सूत गुंडाळीत असे. वय शेहेचाळीस. दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी तिला विद्यार्थ्याचा परवाना दिला होता, आणि काम संपल्यावर भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती काठ काढायला शिकत होती. तिच्या काखेत फडक्यात बांधलेले एक गाठोडे होते.

“मास्तर न्हाईत?”

“परगावी गेलेत. माझ्याशी बोला.”

“माझं शिकायचं बंद पडलंय बघा. काल उघडलं, तर म्हणतंय कालेजचं ओळखपत्र दाखवा. मी कुठलं दाखवू? मी सातवी नापास.”

“मग तुम्ही विद्यार्थी नाही.”

“मग कोण हाय मी?”

शिष्याने यादी पाहिली. “कारखानदार, नाहीतर हौशी.”

“हौस!” राजव्वा हसली. “आठ तास कांड्या भरून आल्यावर हौस कसली वो, साहेब? शनिवारी विणकर सोसायटी नवा काठ निवडणार हाय. ज्याचा काठ घेतील, त्याला तिथं नक्षीला बसवणार. खुर्चीवर. माझा काठ आत अडकलाय तुमच्या कुलपात. चिंचेच्या पानांचा. अजून कोपरा वळायचाय त्याचा.”

शिष्याला वाईट वाटले. पण ज्या नियमाने अर्ध्या तासापूर्वी त्याचा स्वतःचा पराभव झाला होता, तो नियम आता निदान सर्वांना सारखा लागावा, असे त्याच्या मनाने घेतले.

“तुम्हाला उघडून दिलं तर उद्या प्रत्येकाला द्यावं लागेल,” तो म्हणाला. “नियम म्हणजे नियम.”

“बरं, हे तरी बघा,” म्हणत ती गाठोड्याची गाठ सोडू लागली.

“कागद नकोत, बाई. ओळखपत्र हवं.”

राजव्वाने सोडलेली गाठ पुन्हा बांधली. “मास्तर आले की सांगा, राजव्वा येऊन गेली म्हणून.”

संध्याकाळी मास्तर आले. शिष्याने त्यांना कुलपाचे सांगितले, अकरा ओळखपत्रांचे सांगितले. राजव्वाचे सांगितले नाही. त्याला ते क्षुल्लक वाटले, किंवा क्षुल्लक वाटावे अशी त्याची इच्छा होती.

“ओळखपत्रं खरी आहेत म्हणतोस?” मास्तरांनी विचारले.

“खरी आहेत.”

“म्हणजे आता ते रीतसर विद्यार्थी झाले.”

“हो. आणि आपण हरलो.”

“मग त्यांना शिकवायला जायला हवं. उद्या सकाळी तयार राहा.”

शिष्याला वाटले, डोळ्यांत घातलेल्या औषधाचा परिणाम असावा. पण बुधवारी सकाळी मास्तर खरोखरच धुतलेला सदरा घालून दारात उभे होते.

शेठने त्यांना पाहिले आणि तो सावध झाला. “या, मास्तर, या. नोटीसबिटीस घेऊन आलात की काय?”

“छे हो. तुमच्याकडे माझे अकरा विद्यार्थी आहेत असं कळलं. शिकणाऱ्याला मास्तर नको? रोज सकाळी दोन तास येत जाईन. दक्षिणा नको मला.”

शेठचा चेहरा उजळला. तो शिष्याकडे वळला. “धाकटे मास्तर, शिका काहीतरी. मोठेपणा म्हणतात तो हा.”

शिष्याचे कान तापले. तो मान खाली घालून मागोमाग आत गेला.

आत अकरा माणसे कॉम्प्युटरपुढे बसली होती. त्यांतल्या एकाच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. “आपण विद्यार्थी?” तो शेजारच्याला हळूच म्हणाला. “माझी पोरगी बारावीला आहे.”

“चालू काम मिटवा,” मास्तर म्हणाले. “मागांकडे ऑर्डरचं नवं काही पाठवू नका. आज आपण कोपरा वळवायला शिकू. काठातली वेल कोपऱ्यावर आली की तुटते, हे तुम्हाला माहीत आहे. ती न तुटता वळवायची. आजवर केलं नसेल अशा रीतीनं करा. चुकू द्या.”

पहिला तासभर कोणाला काही सुचले नाही. ही माणसे वर्षानुवर्षे ठरलेल्या नक्षीचे रंग बदलत आली होती, आणि शेठला तेवढेच हवे होते. मग एकाने काहीतरी काढले. मास्तरांनी ते थेट मागावर पाठवायला लावले. कापड विणून आले, तेव्हा कोपऱ्यावरचे फूल पायाखाली आलेल्या वांग्यासारखे दिसत होते. सगळे हसले. मास्तर खूश झाले. “छान बिघडलंय! आता का बिघडलं ते सांग.”

गुरुवारी आणखी बिघडले. मास्तर दोन तासांत निघाले, तरी कामाची घडी दुपारपर्यंत बसेना. अकराही जण वाया गेलेल्या कापडाभोवती वाद घालीत होते. पांढऱ्या मिशांच्या माणसाचा कोपरा मात्र जवळजवळ जमला होता. नऊ वर्षांत त्याने स्वतःच्या मनाने काढलेली ती पहिली रेघ होती. तो तिच्यासमोर बसून राहिला आणि जेवायला उठला नाही.

शेठ घाम पुसत मास्तरांच्या घरी आला. “मास्तर, सूत जातंय माझं.”

“जाणारच. विद्यार्थी आहेत.”

“अहो, पण चादरींची ऑर्डर आहे बाहेरगावची.”

“आधी कोपरा वळू दे. बरं, शेठ, एक विचारतो. नवा ताणा मागावर चढवता, तेव्हा पहिली वीत कोणाला देता?”

त्या गावात एक जुनी रीत होती. नव्याने चढवलेल्या ताण्याचे उभे धागे सुरुवातीला कमीजास्त ओढलेले असतात. त्यामुळे पहिले वीतभर कापड कधीच धड येत नाही. पूर्वी ती वीत शिकाऊ माणसाला विणायला देत. तिच्यात त्याने हवे ते करावे, हवे तसे चुकावे. ती कापून बाजूला ठेवत. ती विकायची नाही, असा दंडक होता.

“ती होय?” शेठ म्हणाला. “फडकी करून विकतो. गॅरेजवाले नेतात.”



शुक्रवारी सकाळी शेठ फाटकातच उभा होता.

“मास्तर, हात जोडतो. ही माणसं विद्यार्थी नव्हेत, माझे कामगार आहेत. काय असेल ती किंमत लावा आणि माझा कारखाना मला परत द्या.”

“किंमत तीच. कारखान्यांच्या परवान्यावर छापलेली आहे.”

“देतो. पण एक सांगा, वस्तू एकच असताना दुसऱ्याला फुकट आणि मला दाम. हा न्याय झाला का?”

शिष्य एकदम सावरून उभा राहिला. तीन महिन्यांपूर्वीचा त्याचाच प्रश्न शेठच्या तोंडून आला होता.

मास्तर फाटकाजवळच्या दगडावर बसले आणि म्हणाले, “शेठ, दोन दिवस तुमचं सूत गेलं, वेळ गेला आणि विकण्याजोगं काही हाती आलं नाही. शिकणं म्हणतात ते हे. खरा शिकणारा ही किंमत रोज पदरची भरतो. वरून लोक हसतात, तेही सोसतो. त्याच्याकडून मी आणखी काय मागू? हौशी माणूसही बिघडवतो, पण पोट भरल्यावर, आपल्या आनंदासाठी. त्याला विद्यार्थी म्हणवून घ्यायची लाज वाटते आणि व्यापारी म्हटलं की तो घाबरतो, म्हणून त्याच्याकडून एका चादरीचं मोल घेतो आणि त्याला सुखानं बसू देतो. तुमच्याकडे मात्र काहीच बिघडलेलं चालत नाही. पहिली वीतसुद्धा विकली जाते. ज्या जागी चुकायला मुभा नाही ते दुकान, आणि दुकानानं अवजाराचा दाम द्यावा. आपले वाडवडील ती वीत शिकाऊला देत, तो धर्मादाय नव्हता. ते देत म्हणून आज तुमच्या मागांवर बसायला माणसं आहेत. मी वय बघत नाही, कॉलेज बघत नाही. माझ्याकडे येणाऱ्याला एवढंच सांगतो, बाबा, तुझं बिघडलेलं काम दाखव. शिकणाऱ्याकडे त्याचं गाठोडं असतं.”

शेठने वळून कारखान्याकडे पाहिले. मग म्हणाला, “तो मिशीवाला आज माझ्या आधी येऊन बसलाय. त्याला आता काय सांगू?”

“त्याला पहिली वीत द्या,” मास्तर म्हणाले आणि उठले.

परतीच्या वाटेवर शिष्य मागे राहू लागला. मास्तरांनी वळून पाहिले, तेव्हा तो रस्त्यात उभा होता.

“मास्तर, मंगळवारी राजव्वा आली होती.”

“मग?”

“तिच्याकडे ओळखपत्र नव्हतं. गाठोडं होतं. ती सोडून दाखवत होती. मी बघितलं नाही.” मग त्याने उरलेलेही सांगितले: सोसायटीचे, खुर्चीचे, अडकलेल्या काठाचे.

शिष्याला वाटले, मास्तर रागावतील. रागावले असते तर बरे झाले असते.

“तुला किमती सांगितल्या, त्यांच्या मागचा प्रश्न सांगितला नाही,” मास्तर म्हणाले. “तेवढी चूक माझी. पण कुलूप तुझं आहे. जा.”

शिष्याने वाटेतच मोबाइलवरून सगळी कुलपे काढली. त्याला एक मिनिटही लागले नाही.

राजव्वा घरात जमिनीवर बसली होती. तीन दिवसांची मजुरी बुडवून ती घरी राहिली होती. चौकडीचे कागद खळीने चिकटवून तिने लांबच लांब पट्टी केली होती आणि भाच्याच्या रंगीत पेनांनी एकेक घर भरीत होती. मास्तर पूर्वी करीत तसे. काठाचा एक तृतीयांश भाग अजून कोरा होता.

“कुलूप काढलंय,” शिष्य दारातूनच म्हणाला. “चूक माझी होती.”

राजव्वाने मान वर केली नाही. “आता काढून काय उपयोग? आतलं पान येगळं आन हे येगळं झालंय. हातानं करता करता वळलं ते दुसरीकडंच. उद्या सकाळी द्यायचंय.”

“गाठोडं बघू का?”

“त्यात ओळखपत्र न्हाई.”

“माहीत आहे.”

तिने पायाने गाठोडे त्याच्याकडे सरकवले. आत चाळीसभर कागद होते. चिंचेचे पान कोठे कंगव्यासारखे झाले होते, कोठे गोमेसारखे. एका कागदावर सगळी पाने वाऱ्याने उलटल्यासारखी विरुद्ध दिशेला गेली होती आणि खाली वाकड्या अक्षरांत लिहिले होते, ‘इथं चुकले. दोन घरं आधी वळायला पायजे.’ पुढच्या कागदावर पाने दोन घरे आधी वळली होती. शिष्य एकेक कागद पाहत गेला. अकरा ओळखपत्रांवर त्याने अकरा चेहरे पाहिले होते. पण माणूस शिकताना कसा दिसतो, हे तो आज पहिल्यांदा पाहत होता.

“मी काही घरं भरू का?”

“तुमचा हात वाकडा जाईल. त्यापेक्षा मागच्या पट्टीवरची घरं मोजून सांगा. तेवढा येळ वाचंल.”

तो खाली बसला आणि मोजून सांगू लागला. “हिरवी तीन. एक सोडून एक. मग पुन्हा तीन.”

“चार.”

“तीनच दिसतात.”

“परत मोजा. एवढं शिकून आलाय म्हणं परदेशातनं.”

त्याने परत मोजली. चार होती.

दोघे अंधार पडेपर्यंत बसले. कोपरा मात्र पुरा झाला नाही.

शनिवारी सोसायटीने दुसऱ्याचा काठ निवडला. राजव्वाचे पान चांगले आहे, पण कोपरा अर्धा आहे, असे पंच म्हणाले. पुढची निवड चार महिन्यांनी, तेव्हा पुरा करून आणा. शिष्य मागच्या रांगेत उभा होता. कुलपाविषयी तो पंचांना जाऊन बोलला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की, निवड समोर आलेल्या काठाची होते, आणि नियम सर्वांना सारखा असतो.

त्याच दुपारी शिष्याने विद्यार्थ्याच्या अर्जावरून ओळखपत्राचा रकाना काढून टाकला. त्या जागी त्याने लिहिले, ‘आपण बिघडवलेले एक काम सोबत जोडावे.’ मास्तरांनी ते वाचले आणि काही दुरुस्ती सुचवली नाही. राजव्वाच्या चार महिन्यांची भरपाई मात्र कोणत्याही रकान्यात मावणारी नव्हती, आणि ती मागायला ती आलीही नाही. सोमवारी ती कांड्या भरायला गेली. संध्याकाळी तिची प्रत उघडल्याची खूण शिष्याला पडद्यावर दिसली. ती मिटेपर्यंत तो जागेवरून उठला नाही.

अवजार घडवणाऱ्याने त्याची किंमत ठरवण्याआधी एकदा शिकणाऱ्याच्या घरी जाऊन, जमिनीवर बसून यावे.